पंचांचा निर्णय आणि प्रेक्षकांचा वाद : गेलिक फुटबॉलच्या संदर्भात एक भाषिक विवेचन

सामना संपल्यावर प्रेक्षकांत जो वाद चालतो, त्याकडे भाषेच्या अभ्यासकाने गंभीरपणे पाहावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. हा वाद उथळ असतो, पक्षपाती असतो आणि त्यातून निष्पन्न काहीच होत नाही, असे सर्वसाधारण मत आहे. यांपैकी पहिली दोन विधाने पुष्कळ अंशी खरी आहेत. तिसरे मात्र तपासून पाहावयास हवे. निकाल बदलणार नाही, हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक असते. असे असूनही माणसे चाळीस-चाळीस वर्षे एका क्षणाविषयी वाद घालतात. ज्या बोलण्याने काही बदलत नाही ते बोलणे इतक्या निष्ठेने का चालू ठेवले जाते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न होय. त्यासाठी उदाहरण म्हणून आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल हा खेळ घेतला आहे. या खेळातील संघनिष्ठा आणि शेजारधर्म यांची गुंतागुंत अशी आहे की, वादाची भाषा तेथे विशेष स्पष्टपणे न्याहाळता येते.

१. खेळ आणि त्याची संघटना

प्रथम खेळाची आवश्यक तेवढी माहिती देतो. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. चेंडू हाताने झेलता येतो, पायाने व मुठीने मारता येतो; परंतु हाताने फेकता येत नाही. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू गेल्यास गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात. दांडीवरून गेल्यास एक गुण मिळतो. (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा चेंडूस दोन गुण देण्यात येऊ लागले.) गुणसंख्या गोल व गुण वेगळे ठेवून लिहितात, १-१२ म्हणजे एक गोल व बारा गुण, अर्थात एकूण पंधरा. आयरिश भाषेत गोलास ‘कूल’ आणि गुणास ‘कूलीन’ म्हणजे ‘छोटा कूल’ असे लघुत्वदर्शक नाव आहे.

या खेळाचे नियमन करणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी स्थापन झाली. मायकेल क्युझॅक व मॉरिस डॅव्हिन हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. क्लब हा साधारणपणे पॅरिशचा, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीचा असतो. त्यांतील निवडक खेळाडूंचा संघ काउंटीचा असतो. काउंट्यांच्या स्पर्धा अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर व कॉनॉट या चार प्रांतांत होतात आणि अखेरीस डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामना होतो. खेळाडूंना वेतन मिळत नाही, आणि पैसे देऊन खेळाडू विकत घेण्याचा व्यवहार येथे नाही. त्यामुळे रविवारी मैदानावर दिसणारा खेळाडू सोमवारी गावच्या शाळेत शिकवताना किंवा शेतावर काम करताना भेटतो. प्रेक्षकाने ‘आमचा संघ’ म्हणावे यात येथे अलंकार नसतो; ते बहुधा शब्दशः खरे असते.

काउंटी ही मुळात इंग्रजी राजवटीने केलेली कारभाराची विभागणी. परंतु आज या विभागणीस जे भावनिक वजन आहे, ते मोठ्या प्रमाणात या खेळांनी दिलेले आहे. उत्तर आयर्लंडमधील सहा काउंट्या १९७३ मध्ये स्थानिक कारभाराचे घटक म्हणून संपुष्टात आल्या. खेळाच्या मैदानावर मात्र त्या अस्तित्वात राहिल्या. खेळास राष्ट्रीय इतिहासाचीही जोड आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर डब्लिन व टिपरेरी यांचा सामना चालू असता सरकारी दलांनी गोळीबार केला व चौदा जण मृत्युमुखी पडले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन हाही होता. अशा मैदानावर दिल्या जाणाऱ्या निर्णयाविषयी लोक उदासीन राहतील, अशी अपेक्षा करता येत नाही.

२. पंचांच्या उक्तीचे स्वरूप

पंच ‘गोल’ असे जाहीर करतात तेव्हा ते नेमके काय करतात? वरवर पाहता ते एका घटनेचे वर्णन करतात. परंतु त्यांच्या उच्चाराने किंवा खुणेनेच गुणसंख्या बदलते. म्हणजे ते वर्णनाबरोबर एक कृतीही करतात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला आहे. न्यायसभेचा, लवादाचा अथवा खेळातील पंचांचा निवाडा हे त्या वर्गाचे नमुने होत. या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील उक्ती कृती असूनही तिला वस्तुस्थितीची कसोटी लावता येते. ‘मी या जहाजाचे नाव अमुक ठेवतो’ ही उक्ती खरी की खोटी, हा प्रश्न गैरलागू आहे. ‘गोल झाला’ या निवाड्याविषयी मात्र दोन प्रश्न संभवतात : तो लागू झाला काय, आणि तो बरोबर होता काय?

याच सुमारास, १९६१ मध्ये, विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी कायद्याच्या संकल्पनेवरील ग्रंथात खेळातील गुणलेखकाचेच उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो. पण अंतिम असणे म्हणजे अचूक असणे नव्हे. नियम मैदानावर आधीपासून असतो, गुणलेखक तो लागू करतो, आणि लागू करताना तो चुकू शकतो. ‘गुणलेखक म्हणेल तोच गुण’ असा नियम खरोखर असता, तर तो वेगळाच खेळ झाला असता. त्यात पंच चुकले असे म्हणण्यास अर्थच उरला नसता.

मराठीत हा भेद व्यक्त करण्याची सोय सहज आहे. ‘निर्णय’ चुकीचा असू शकतो, ‘निकाल’ लागलेला असतो. निर्णयाविषयी आपण वाद घालतो. निकाल आपण सांगतो किंवा ऐकतो. प्रेक्षकांचा सारा वाद या दोन शब्दांमधील अंतरात चालतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पंचवाचक शब्दांची व्युत्पत्तीही येथे उद्बोधक आहे. मराठी ‘पंच’ हा शब्द पाच जणांच्या सभेवरून आला. मैदानावर एकच व्यक्ती उभी असली तरी शब्दाच्या मागे ‘पाचामुखी परमेश्वर’ ही समूहाची मान्यता उभी असते, आणि आपण त्या एका व्यक्तीसही आदरार्थी अनेकवचन लावतो. इंग्रजी ‘अंपायर’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘ज्याला जोडी नाही असा’, म्हणजे दोन पक्षांबाहेरचा तिसरा. मूळ शब्दाच्या आरंभीचा ‘न’ इंग्रजीत उपपदास चिकटून गेला. ‘रेफरी’ म्हणजे ज्याच्याकडे प्रश्न सोपवावा तो. आयरिश भाषेतील पंचवाचक शब्द मात्र ‘सोडवणे, मोकळे करणे, तडजोड घडवणे’ अशा अर्थाच्या धातूपासून झाला आहे. समूहाची मान्यता, तिऱ्हाईतपणा, अधिकार आणि तंटा मिटवणे या चारही अपेक्षा समाज पंचांकडून एकाच वेळी करतो, हे या शब्दांच्या इतिहासावरून दिसून येते.

३. दोन चुका, दोन परिणाम

उपरोक्त भेद केवळ ग्रांथिक नाही. आयर्लंडमधील दोन प्रसंग शेजारी ठेवले असता त्याचे व्यावहारिक महत्त्व ध्यानात येते.

पहिला प्रसंग फुटबॉलचा नसून त्याच संस्थेच्या हर्लिंग या खेळाचा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये क्लेअर व ऑफली यांच्यातील अखिल आयर्लंड उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात पंचांनी सुमारे दोन मिनिटे आधीच शेवटची शिटी वाजवली. त्या वेळी क्लेअर तीन गुणांनी पुढे होता. ऑफलीचे समर्थक क्रोक पार्कच्या मैदानावर बसून राहिले. पुन्हा सामना खेळवण्यात आला. तो ऑफलीने जिंकला, आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळवले.

दुसरा प्रसंग ११ जुलै २०१० रोजीचा, लेन्स्टर प्रांताच्या फुटबॉल अंतिम सामन्यातील. लाउथ ही आयर्लंडमधील सर्वांत लहान काउंटी. तिने १९५७ नंतर प्रांताचे अजिंक्यपद मिळवले नव्हते. जादा वेळेत लाउथ एका गुणाने पुढे असता मीथच्या जो शेरिडन याने चेंडू हातात असतानाच गोलरेषेपलीकडे नेला. नियमाप्रमाणे हा गोल होऊ शकत नव्हता. पंचांनी तो दिला. मीथ १-१२ विरुद्ध १-१० असा विजयी झाला. सामना संपताच लाउथच्या काही समर्थकांनी मैदानात घुसून पंचांवर हल्ला केला. नंतर पंचांनी आपली चूक झाल्याचे मान्य केले, व संस्थेने ते जाहीरही केले. परंतु फेरसामन्याचा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी आपल्याला नाही, अशी संस्थेची भूमिका राहिली. मीथने फेरसामना देऊ केला नाही, आणि निकाल कायम राहिला.

एका ठिकाणी चूक दुरुस्त झाली, दुसऱ्या ठिकाणी मान्य होऊनही दुरुस्त झाली नाही. प्रेक्षकाला हा उघड अन्याय वाटतो. तथापि ऑस्टिन यांच्या विवेचनाच्या आधारे पाहता दोन्ही चुका भिन्न जातीच्या आहेत. सामना संपल्याची शिटी वैध होण्यास ठरलेला वेळ पूर्ण होणे ही पूर्वअट आहे. १९९८ मध्ये ती अट पुरी झाली नव्हती; म्हणून ती शिटी एक फसलेली कृती ठरली. सामना संपलाच नव्हता, असे म्हणता आले. २०१० मध्ये अधिकारी व्यक्ती, योग्य वेळ, योग्य स्थळ या सर्व अटी पुऱ्या होत्या. केवळ निवाडा वस्तुस्थितीस सोडून होता. ती कृती पूर्ण झाली होती, मात्र चुकीची झाली होती. पहिली कृती निष्फळ, दुसरी सदोष.

हा भेद तर्कशुद्ध असला तरी त्याने लाउथच्या माणसाचे समाधान होणार नाही, आणि का होणार नाही हेही समजून घेतले पाहिजे. अंतिमता ही सर्वांच्या सोयीसाठी पत्करलेली गोष्ट आहे. तिच्याशिवाय कोणताही सामना कधीच संपणार नाही. पण त्या सोयीची किंमत दर वेळी कोणीतरी एकजण मोजतो. ज्याने ती मोजली त्याला किमान एवढे तरी हवे असते की, ती त्याने मोजली हे इतरांनी मान्य करावे. वादाचे मूळ येथे आहे.

४. क्रियापदाची निवड

ही मान्यता मिळवण्याचे किंवा नाकारण्याचे साधन म्हणजे भाषा. १९ सप्टेंबर १९८२ रोजी केरी आणि ऑफली यांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला. केरी सलग पाचव्या अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता. सामना संपण्यास दोनेक मिनिटे उरली असता ऑफलीचा बदली खेळाडू शेमस डार्बी याने गोल केला आणि ऑफली १-१५ विरुद्ध ०-१७ असा एका गुणाने जिंकला. चेंडू झेलण्यापूर्वी डार्बीने केरीच्या टॉमी डॉयल याच्या पाठीवर हात टेकवून त्यास ढकलले काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

हा प्रसंग मराठीत सांगू लागल्यास भाषेची अडचण तत्काळ लक्षात येते. ‘डार्बीने डॉयलला ढकलले’ हे सकर्मक वाक्य आहे. तृतीयेतील कर्ता, हेतू आणि दोष हे सर्व त्यात एकत्र येतात. ‘डॉयलला डार्बीचा धक्का लागला’ या वाक्यात धक्का कर्ता होतो व डार्बी केवळ संबंधी म्हणून उरतो. ‘दोघांची धक्काबुक्की झाली’ म्हटले की दोष वाटला जातो. ‘डॉयलचा तोल गेला’ असे म्हटल्यास डार्बी वाक्यातून नाहीसाच होतो. चारही वाक्ये एकाच चलच्चित्रास लागू करता येतील. म्हणजे काय घडले हे सांगण्यापूर्वीच वक्त्याला व्याकरण निवडावे लागते, आणि व्याकरणाच्या निवडीतच निवाडा होऊन जातो. निःपक्षपाती वर्णन आधी व मत नंतर, असा क्रम प्रत्यक्षात क्वचितच आढळतो.

हे केवळ भाषेपुरते मर्यादित नाही. अमेरिकेत १९५१ मध्ये डार्टमथ व प्रिन्स्टन या विद्यापीठसंघांत अमेरिकन फुटबॉलचा एक आडदांड सामना झाला. हॅस्टॉर्फ व कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे चलच्चित्र दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्या संख्येच्या दुपटीहून अधिक होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, सर्वांनी पाहिलेला एकच सामना अशी वस्तू गृहीत धरता येत नाही. म्हणून विरोधी समर्थक खोटे बोलतो असे समजणे बहुधा चूक असते. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो.

आयर्लंडच्या इंग्रजीत याखेरीज एक खास प्रयोग आहे. नुकत्याच पूर्ण झालेल्या क्रियेसाठी तेथे आयरिश भाषेच्या धर्तीवर ‘शिटी वाजवण्यानंतर तो आहे’ अशी रचना वापरतात. ताजी, आणि पुष्कळदा अप्रिय, वार्ता सांगताना तिचा उपयोग विशेष होतो. मराठीत ‘पंच शिटी वाजवून बसले’ या संयुक्त क्रियापदातून क्रिया पूर्ण झाली, ती परतवता येत नाही आणि ती व्हावयास नको होती, हे तिन्ही अर्थ निघतात. दोन्ही रचना समान नाहीत. परंतु ‘झाले ते झाले’ आणि ‘ते चुकीचे झाले’ हे एकाच दमात सांगण्याची गरज दोन्ही भाषकांना भासते, हे साम्य उल्लेखनीय आहे.

५. ‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘तुम्ही’

वादातील सर्वनामांकडे आता वळू. इंग्रजी भाषेतील प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. श्रोता त्यात आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. लाउथचा समर्थक लाउथच्याच माणसाशी बोलताना जे म्हणतो ते मराठीत ‘आपल्याला लुटले’ असे होईल. मीथच्या माणसाशी बोलताना तेच ‘आम्हाला लुटले’ असे होईल. इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकसारखी दिसतात; पण पहिल्यात सांत्वन आहे आणि दुसऱ्यात आरोप.

द्वितीयपुरुषाच्या बाबतीत मात्र आयर्लंडची इंग्रजी प्रमाण इंग्रजीपेक्षा संपन्न आहे. तेथे अनेकवचनासाठी ‘यी’ हे वेगळे रूप बोलण्यात सर्रास येते, आणि डब्लिनच्या बाजूस ‘यूझ’ सारखी रूपे आढळतात. आयरिश भाषेत एकवचन व अनेकवचन भिन्न असल्याने हा भेद तेथील इंग्रजीत टिकला, असे अभ्यासक मानतात. वादात या रूपाचे मोल मोठे आहे. ‘तो गोल यी लोकांनी चोरला’ असे मीथच्या शेजाऱ्यास म्हणताना आरोप काउंटीवर जातो; समोरच्या व्यक्तीवर जात नाही. व्यक्तीसाठी एकवचन राखलेले असते, आणि त्या एकवचनात मैत्री चालू राहते. मराठी ‘तुम्ही’ अनेकवचनी व आदरार्थी असे दोन्ही असल्याने आपल्याकडे ही सोय अशा स्वरूपात नाही. आपण ती ‘तुम्ही लोक’ असे म्हणून साधतो, आणि त्यात बोचरेपणा अधिक येतो.

६. शेजार आणि प्रतिस्पर्धा

लाउथ व मीथ यांची सीमा एकमेकींस लागून आहे. तीव्र प्रतिस्पर्धा बहुधा शेजारच्या काउंट्यांत असते : मीथ व डब्लिन, केरी व कॉर्क. १९९१ मध्ये मीथ व डब्लिन यांच्यातील पहिल्याच फेरीचा निकाल लागण्यास चार सामने खेळावे लागले, व अखेर मीथ जिंकला. सीमेवरच्या कुटुंबांत दोन्हीकडचे नातेसंबंध असतात, आणि मैदानावरही दोन्ही समर्थक बहुधा मिसळून बसतात. असे प्रतिस्पर्धी एकमेकांना टाळू शकत नाहीत.

यातून वादाचे एक कार्य स्पष्ट होते. ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही, त्याच्याशी मनुष्य वर्षानुवर्षे वाद घालीत नाही. वाद चालू असणे याचा अर्थ असा की, नियम दोघांनाही मान्य आहे, त्याच्या अर्थाविषयी दोघेही आग्रही आहेत, आणि संबंध तोडण्याची इच्छा कोणासही नाही. २०१० मध्ये पंचांवर जे धावून गेले, त्यांनी हा करार मोडला. निर्णय चुकला असे म्हणणारा मनुष्य खेळाच्या आत असतो. पंचांच्या अंगावर हात टाकणारा मनुष्य निवाड्याची संस्थाच नाकारतो, आणि तिच्याबरोबर ज्या नियमाच्या आधारे त्याचा संघ जिंकावयास हवा होता तो नियमही नाकारतो. पंच हा देखील याच हौशी व्यवस्थेतला माणूस, कोणत्या तरी क्लबाचा सभासद असतो. त्याला संरक्षण न मिळाल्यास शिटी हाती घेण्यास कोणी पुढे येणार नाही, आणि मग वाद घालण्यास सामनाही उरणार नाही.

७. उपसंहार

चुका कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ पासून क्रोक पार्कवर ‘हॉक-आय’ हे यंत्र वापरात आले. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, एवढे ते सांगते. २०२५ च्या हंगामात सामना संपण्याचा क्षण पंचांच्या घड्याळाऐवजी भोंग्यावर सोपवण्यात आला, पंचांशी बोलण्याचा अधिकार कर्णधारापुरता मर्यादित करण्यात आला, आणि निर्णयाविषयी नाराजी प्रकट करणाऱ्या संघास चेंडू ५० मीटर पुढे नेण्याची शिक्षा ठेवण्यात आली. १९९८ सारखी चूक भोंग्याने टळेल. परंतु ‘ढकलले’ आणि ‘धक्का लागला’ यांतील निवड कोणतेही यंत्र करू शकत नाही. कारण तेथे प्रश्न मापनाचा नसून अर्थाचा आहे. आणि कर्णधारावाचून इतरांना गप्प बसवणारा नियम मैदानावरचे बोलणे थांबवील, मैदानाबाहेरचे थांबवणार नाही. तसे ते थांबू नयेही.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. निकाल बदलण्यासाठी हा वाद नसतो. निकाल मान्य करणे आणि निर्णय बरोबर होता असे मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली केली म्हणून दुसरी करण्यास आम्ही बांधलेले नाही, हे पुन्हा पुन्हा नोंदवण्यासाठी तो असतो. जो समाज हा भेद बोलून दाखवू शकतो, त्याला चुकीचा निर्णयही पचवता येतो.

११ मे २०२५ रोजी लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात लाउथने मीथला ३-१४ विरुद्ध १-१८ असे हरवले आणि ६८ वर्षांनी प्रांताचे अजिंक्यपद मिळवले. या विजयाने २०१० ची नोंद बदललेली नाही. अभिलेखात मीथ १-१२, लाउथ १-१० हेच आकडे आहेत व तसेच राहतील. त्या आकड्यांशेजारी काय घडले होते, हे मात्र दोन्ही काउंट्यांतील माणसे सांगत राहतील, आणि ते सांगताना प्रत्येकजण आपापले क्रियापद निवडील.